आधी मुलाकडे बघा, मग दुकानाकडे

श्रावण लागला की लालबाग-परळकडच्या आईबाबांचे फोन सुरू होतात. गल्लीच्या तोंडाशी मंडपाचे बांबू पडलेले असतात, ढोल पथकांचा सराव सुरू झालेला असतो, आणि घरात ऑटिझम असलेलं एक मूल कानांवर हात दाबून पलंगाखाली बसलेलं असतं. "मॅडम, कुठला हेडफोन घेऊ? वजनाचं ब्लँकेट घेऊ का? ऑनलाइन एक सेन्सरी किट बघितलंय, मागवू का?" मी व्यवसायोपचारतज्ज्ञ आहे, पालकांच्या भाषेत 'ओटी'. माझं उत्तर ठरलेलं असतं: आज काहीही मागवू नका. आधी एक वही घ्या.

हे उत्तर पालकांना आवडत नाही, आणि त्यांचं न आवडणं मला समजतं. जीव मेटाकुटीला आलेला असतो, शेजारी बोलतात, सासूबाई म्हणतात "लाडावलाय", आणि समोर मोबाइलवर एक रंगीत खोकं दिसत असतं, ज्यावर 'ऑटिझमसाठी' असं लिहिलेलं असतं. त्या खोक्यात काट्यांचा चेंडू, फिरकी, चावायची माळ, वजनाचं जाकीट, बुडबुड्यांचा दिवा असं सगळं एकत्र असतं. कित्येक घरांत मी ते खोकं पोटमाळ्यावर पाहिलं आहे. पैसे गेले, मुलाला काही उपयोग झाला नाही, आणि "याला कशाचाच फरक पडत नाही" असा निष्कर्ष निघाला. हा निष्कर्ष सगळ्यांत घातक, कारण त्यानंतर आईबाबा शोधणंच थांबवतात.

ऑटिझममध्ये आवाज, उजेड, स्पर्श, वास, चव, शरीराचा तोल यांची जाणीव इतरांपेक्षा वेगळी असू शकते, हे आता जगभरातले डॉक्टर मानतात. अमेरिकेतल्या मनोविकारतज्ज्ञांच्या संघटनेनं 2013 साली निदानाचे निकष नव्यानं लिहिले, तेव्हा ही गोष्ट निकषांमध्येच घातली. कुणाला आवाज जास्त जाणवतो, कुणाला कमी जाणवतो. आणि एकाच मुलात दोन्ही असू शकतं, हे पालकांना सगळ्यात कोड्यात टाकतं. कुकरची शिट्टी झाली की किंचाळणारा मुलगा स्वतः मात्र स्टीलची वाटी फरशीवर तासभर आपटतो. "मग याला आवाजाचा त्रास कसला?" असं आजोबा विचारतात. वाटीचा आवाज त्याच्या हातात आहे, तो कधी होणार हे त्याला ठाऊक आहे. शिट्टी त्याच्यावर येऊन आदळते. हा फरक ज्या घराला कळला, त्या घराचं निम्मं काम झालं.

म्हणून वही. साधी शंभर पानी. त्यात आठवडा-दोन आठवडे चारच गोष्टी लिहायच्या: वेळ, जागा, आधी काय झालं, आणि मुलानं त्यानंतर स्वतःहून काय केलं. शेवटचा रकाना बहुतेक पालक विसरतात, आणि उत्तर बरेचदा तिथेच असतं.

एका आईच्या वहीतली नोंद सांगते. मंगळवार, संध्याकाळी सात. स्वयंपाकघर. कुकरची तिसरी शिट्टी, त्याच वेळी शेजाऱ्यांचा टीव्ही. कानांवर हात, ओरडला, मोरीत पळाला. नळ सोडला, दोन्ही हात पाण्याखाली धरून बसला. हाक मारली तर आला नाही. थोड्या वेळानं आपणच बाहेर आला, जेवला. गुरुवारी पुन्हा तसंच, फक्त शिट्टीच्या जागी खालच्या मजल्यावरचं ड्रिल मशीन. शनिवारी पाहुणे आले, कोलाहल झाला, परत मोरी, परत नळ. आई माझ्याकडे आली होती पाण्याची ही 'सवय मोडायला'. मी तिला म्हटलं, तुमच्या मुलानं स्वतःचं साधन स्वतःच शोधलं आहे, ते हिसकावू नका. फक्त पाणी वाया जाऊ नये म्हणून मोरीशी एक घमेलं भरून ठेवा, आणि शिट्टी व्हायच्या आधी "आता शिट्टी होणार" असं सांगा. त्या घरात एक रुपयाही खर्च झाला नाही.

दुसऱ्याच्या मुलाला लागू पडलेलं साधन आपल्या मुलाला देणं म्हणजे दुसऱ्याच्या नंबरचा चष्मा घालणं. दिसायला चष्माच असतो, पण डोकं दुखतं. पालकांच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर कुणीतरी लिहितं, "आमच्याकडे वजनाच्या जाकिटानं चमत्कार झाला," आणि दुसऱ्या दिवशी दहा घरांत जाकिटं येतात. कृपा करून असं करू नका. ग्रुप विचारायला चांगला, ठरवायला नाही.

आता कानांबद्दल सविस्तर बोलते, कारण या भागात सगळ्यांत मोठा प्रश्न तोच आहे. निवासी भागासाठी आवाजाची कायदेशीर मर्यादा दिवसा 55 आणि रात्री 45 डेसिबल आहे. 2000 सालच्या ध्वनिप्रदूषण नियमांत ती लिहिलेली आहे. विसर्जन मिरवणुकांमध्ये मुंबईत शंभराच्या वर आकडे नोंदवले गेले आहेत. कानांवर घट्ट बसणारा चांगला इअरमफ साधारण 20 ते 30 डेसिबल आवाज कमी करतो, आणि प्रत्यक्षात पाकिटावरच्या आकड्यापेक्षा थोडा कमीच. तुम्हीच वजाबाकी करा. शंभरातून पंचवीस गेले तरी पंच्याहत्तर उरतात, म्हणजे मर्यादेच्या वरच. इअरमफ लावून मुलाला मिरवणुकीत उभं करायचं नसतं. इअरमफ लावून त्याला गल्लीतून सुखरूप बाहेर काढायचं असतं. हे लक्षात न घेता "लावलाय ना हेडफोन, मग आता का रडतोस?" असं म्हणणारे बाबा मी पाहिले आहेत. मुलाचं रडणं खरं असतं.

कानाच्या साधनांचे तीन प्रकार आहेत आणि तिन्हींचं काम वेगळं. फोमचे बोळे स्वस्त असतात, पण कानात काही घातलेलं अनेक मुलांना सहन होत नाही, आणि लहान मूल ते तोंडात घालू शकतं. इअरमफ बाहेरून कान झाकतो. ताशाचा तडतडाट, फटाका, ड्रिल अशा अचानक येणाऱ्या आवाजांना तोच बरा. इलेक्ट्रॉनिक नॉइज कॅन्सलिंग हेडफोन महाग असतात. एकसुरी घरघर, म्हणजे पंखा, एसी, लोकलचा खडखडाट यांवर ते उत्तम चालतात, पण फटाक्यापुढे त्यांची इलेक्ट्रॉनिक करामत फारशी कामाला येत नाही. म्हणजे रोज दादरहून लोकलनं प्रवास करणाऱ्या मोठ्या मुलाला एक चीज लागेल आणि गल्लीत राहणाऱ्या सहा वर्षांच्या मुलीला दुसरी. 'ऑटिझमसाठी' असा शिक्का असला की किंमत वाढते. मोठ्या माणसासाठी हवा असेल तर कारखान्यातल्या कामगारांचा साधा इअरमफ चालतो. क्रॉफर्ड मार्केटच्या मागे नागदेवी स्ट्रीटला औद्योगिक सामानाच्या दुकानांत विचारा. लहान मुलांसाठी मात्र लहान मापाचाच घ्या. मोठा इअरमफ ढिला बसतो, आवाज आत शिरतो, आणि घट्ट करायला गेलं तर डोकं आवळतं.

घेतल्यावर तो गणेश चतुर्थीच्या सकाळी डोक्यावर चढवू नका. निदान महिनाभर आधी, घर शांत असताना, मूल आवडीचं काही करत असताना, एक-दोन मिनिटं लावायला द्या. त्यानं स्वतः लावावा, स्वतः काढावा. आधी बाबांनी लावून दाखवावा, बाहुलीला लावावा, मग त्याची पाळी. ज्या वस्तूची ओळख गोंधळाच्या क्षणी होते, ती वस्तूच मुलाला गोंधळाची खूण वाटू लागते. आणि उलट बाजूही सांगते: दिवसभर कान झाकून ठेवू नका. शांत घरातही सतत इअरमफ लावला, तर कान शांततेला सरावतात आणि साधे आवाजही टोचायला लागतात. आवाज असेल तेव्हा लावायचा, नसेल तेव्हा गळ्यात.

आरतीचं एक निरीक्षण आहे, करून बघा. घरच्या आरतीत झांजांनी त्रासणाऱ्या मुलाच्याच हातात झांज द्या. सगळ्यांच्या बाबतीत नाही, पण बऱ्याच मुलांच्या बाबतीत त्रास कमी होतो, कारण वाटीचं जे गणित, तेच झांजेचं. नाही जमलं तर त्याला आतल्या खोलीत बसू द्या. देव रागावत नाही.

वजनाच्या ब्लँकेटबद्दल मला सावधगिरीचं बोलायचं आहे. दाब दिला की शरीर शांत होतं, ही कल्पना खोटी नाही. टेंपल ग्रँडिन या ऑटिझम असलेल्या अमेरिकन पशुविज्ञानतज्ज्ञ बाईंनी तरुणपणी गुरांना धरून ठेवणारा पिंजरा पाहून स्वतःसाठी दाब देणारं यंत्र बनवलं होतं, आणि त्याचा त्यांना उपयोग झाला. पण ते यंत्र त्यांनी स्वतः, स्वतःसाठी बनवलं होतं आणि त्याची कळ त्यांच्याच हातात होती. दुकानातल्या ब्लँकेटबाबत पुरावा बेताचाच आहे. ब्रिटनमधल्या संशोधकांनी 2014 साली प्रसिद्ध केलेल्या चाचणीत ऑटिझम असलेल्या 67 मुलांना काही दिवस जड आणि काही दिवस साधं ब्लँकेट दिलं. झोप वाढली नाही. मुलांना आणि पालकांना जड ब्लँकेट आवडलं मात्र होतं. आवडणं ही काही क्षुल्लक गोष्ट नाही, पण झोपेसाठी म्हणून हजारो रुपये घालणार असाल तर हे माहीत असावं.

धोका त्याहून मोठा आहे. 2008 साली कॅनडात ऑटिझम असलेल्या नऊ वर्षांच्या एका मुलाचा शाळेत वजनाच्या ब्लँकेटमध्ये गुंडाळलेला असताना मृत्यू झाला. म्हणून काही गोष्टी पक्क्या धरा. मुलाला स्वतःहून बाजूला सारता येणार नाही असं कोणतंही वजन अंगावर टाकायचं नाही. तोंडावर कधीच नाही. अगदी लहान मुलांना नाही. फिट येत असतील, दमा किंवा हृदयाचा त्रास असेल तर डॉक्टरांना विचारल्याशिवाय नाही. शिवाय मुंबईचा ऑक्टोबर आणि मे आठवा. घामानं चिकट झालेल्या मुलाला सात किलोचं ब्लँकेट म्हणजे शिक्षा. त्यापेक्षा आजीची जुनी गोधडी चौपदरी करून अभ्यासाच्या वेळी मांडीवर ठेवून बघा. ती सुती असते, मऊ असते, ओळखीच्या वासाची असते, आणि नको झाली की मूल ती सरकवून टाकू शकतं.

दाबाची आणि ताकदीची खरी खाण तर आपल्या स्वयंपाकघरात आणि गॅलरीत आहे. पाणी आलं की बादली भरून मोरीपर्यंत नेणं, ओली चादर दोघांनी धरून पिळणं, कणीक मळणं, खलबत्त्यात शेंगदाणे कुटणं, गादीच्या वळकट्या उचलून ठेवणं, बाजारातून कांदे-बटाट्याची पिशवी आणणं. ओटीच्या खोलीत आम्ही हेच करून घेतो, फक्त आमच्याकडच्या वस्तू परदेशी कॅटलॉगमधल्या असतात. स्नायूंना आणि सांध्यांना असं भरपूर काम मिळालं की बरीचशी मुलं निवांत होतात. शाळेला निघण्याआधी दहा मिनिटं असं काम दिलं, तर वर्गातली चुळबुळ कमी झाल्याचं काही पालक आणि बाई सांगतात. सांगताना "मदत कर" म्हणा, "थेरपी कर" म्हणू नका. घरात आपला उपयोग आहे हे मुलाला कळतं, आणि ते कळणं त्याच्या हक्काचं आहे. लटकणं, चढणं आवडणाऱ्या मुलांसाठी शिवाजी पार्कच्या समर्थ व्यायाम मंदिरात जाऊन मल्लखांब नुसता बघून या. तिथले उदय देशपांडे सर, ज्यांना 2024 साली पद्मश्री मिळाली, त्यांनी अंध मुलांनाही मल्लखांब शिकवला आहे. प्रत्येक मुलाला जमेल असं नाही, पण हातापायांनी लाकूड कवटाळणं म्हणजे सगळ्या अंगाला मिळणारा दाबच.

झोपाळ्याचा मोह सगळ्यांना होतो. मागे-पुढे संथ झुलणं बहुतेक मुलांना शांत करतं. गरगर फिरणं काहींना चेकाळवतं, आणि फिट येणाऱ्या मुलांच्या बाबतीत डॉक्टरांशी बोलल्याशिवाय ते करूच नये. पण माझी खरी भीती छताची आहे. गिरगाव-लालबागच्या जुन्या चाळींची लाकडी तुळई किती पोखरली आहे हे वरून दिसत नाही. नऊवारीची झोळी तान्ह्या बाळापुरती ठीक होती. पस्तीस किलोचा मुलगा झोके घेऊ लागला की ओढ त्याच्या वजनापेक्षा बरीच जास्त होते. जाणकार मिस्त्रीनं तपासल्याशिवाय हूक ठोकू नका. तोवर बागेतला झोपाळा आहे. दुपारी, गर्दी नसताना न्या.

तोंडात सतत काहीतरी घालणारी, शर्टाची कॉलर चावून चावून ओली करणारी मुलं असतात. त्यांना ओरडून उपयोग नसतो. चावायला द्या: गाजर, खाकरा, कडक भाकरीचा पापुद्रा, मूल मोठं असेल आणि नीट चावून खात असेल तर सुकं खोबरं. सिलिकॉनचं चावायचं साधन घेणार असाल तर ते खाद्यपदार्थांना चालणाऱ्या प्रतीचं आहे का, दातांनी तुकडा निघतो का हे दर आठवड्याला तपासा, गळ्यातली दोरी ओढली की सुटणारी असावी आणि झोपताना ती काढून ठेवावी. रंग दिलेली खेळणी चावायला देऊ नका. माती, खडू, भिंतीचे पोपडे खात असेल तर साधनांचा विचार बाजूला ठेवा आणि आधी बालरोगतज्ज्ञांकडे रक्त तपासून घ्या.

कपड्यांचं थोडक्यात. लेबल मुळापासून काढा, मोजे उलटे घाला म्हणजे शिवण बाहेर जाते, नवा गणवेश शाळा सुरू होण्याआधी चार-पाच वेळा धुवा. सणाच्या जरीच्या कुर्त्याआत जुनी मऊ बनियन. फोटोत कुर्ता दिसेल, बनियन दिसणार नाही.

वासाचं साधन कुणी विकत नाही, म्हणून त्याकडे कुणाचं लक्षही जात नाही. एप्रिल-मे महिन्यात लालबागला मसाल्याचं कांडप सुरू झालं की मिरचीचा खाट हवेत भरतो. मोठ्यांना नुसती शिंक येते. पण ज्या मुलाला वास तीव्रतेनं जाणवतो, ते त्या रस्त्यानं शाळेत जायला नकार देतं, आणि आपण त्याला शाळेची भीती समजतो. तिथे उपाय म्हणजे दुसरा रस्ता. दादरच्या मासळी बाजाराजवळून जाताना हट्ट करणारं मूल, लोकलच्या डब्यात कुणीतरी डबा उघडल्यावर अस्वस्थ होणारा तरुण, यांच्यासाठी घरच्या ओळखीच्या वासाचा एक रुमाल खिशात असला तरी पुष्कळ.

तरुण म्हटलं, त्यावर जरा थांबते. ऑटिझम असलेली मुलं मोठी होतात. फोर्टच्या, लोअर परळच्या ऑफिसांत ती नोकऱ्या करतात. पंचवीस वर्षांच्या माणसाला बाळांच्या रंगातली चावायची अंगठी देऊ नका. त्याला साधे दिसणारे इअरप्लग, टोपी, खिशात मावणारा गुळगुळीत दगड किंवा जपमाळ, आणि साहेबाशी बोलून मिळवलेली लुकलुकत्या ट्यूबलाइटपासून दूरची खुर्ची लागते. त्यानं काय वापरावं हे त्यालाच विचारा. बोलता येत नसेल तर दोन वस्तू समोर ठेवा आणि हात कुठे जातो ते बघा.

आणखी एक साधन आहे ज्याला जागा लागते, आणि आपल्याकडे नेमकी तीच नसते: शांत कोपरा. बीडीडी चाळीतली खोली 160 चौरस फुटांची. त्यात सहा माणसं. तरी कोपरा होतो. पलंगाखाली एक चटई, समोर आईच्या जुन्या साडीचा पडदा, आत मंद दिवा, आवडती एखादी वस्तू. मूल आत गेलं की कुणी डोकावायचं नाही, फोटो काढायचा नाही, "बाहेर ये, काका आलेत" म्हणायचं नाही. आणि चुकूनही "जा, कोपऱ्यात जाऊन बस" अशी शिक्षा म्हणून तिथे पाठवायचं नाही, नाहीतर ती जागा गेलीच. वरळीच्या बीडीडीतली कुटुंबं 2025 पासून टॉवरमधल्या 500 चौरस फुटांच्या घरांत जायला लागली आहेत. नायगाव आणि ना. म. जोशी मार्गाच्या चाळींचीही पाळी आहे. टॉवरमध्ये जाणाऱ्यांना माझी विनंती: लिफ्ट, नवी डोअरबेल, नवा वास, गॅलरी नसणं हे सगळं मुलाला एकाच दिवशी भेटतं. जुना पडदा आणि जुनी चटई सोबत न्या, आणि नव्या घरात सगळ्यांत आधी कोपरा लावा, मग टीव्ही.

आता विचारायचं कुणाला? या बाबतीत परळ-दादरची माणसं नशीबवान आहेत. देशातली पहिली व्यवसायोपचाराची शाळा 1950 साली परळच्या केईएम रुग्णालयातच सुरू झाली. ती सुरू करणाऱ्या कमलाबाई निंबकर जन्मानं अमेरिकन, लग्नानं मराठी घरातल्या. आज केईएम, नायर आणि सायन या महापालिकेच्या तिन्ही मोठ्या रुग्णालयांत व्यवसायोपचार विभाग आहेत. परळचं वाडिया मुलांसाठीचंच रुग्णालय आहे. शिवडीची जय वकील शाळा 1944 पासून काम करते आहे, आणि विभा कृष्णमूर्ती या डॉक्टरांनी 2001 साली सुरू केलेली 'उम्मीद' ही संस्था लोअर परळमध्ये वाढली. जाताना ती वही घेऊन जा. ओटी जेव्हा विचारतील "त्रास कधी होतो?", तेव्हा "नेहमीच" हे उत्तर काही कामाचं नसतं, वहीतली आठ पानं असतात. आणि तुम्हीही त्यांना विचारा: हे साधन कशासाठी, किती वेळ, फरक पडला हे कसं ओळखायचं, आणि नाही पडला तर कधी सोडायचं? या प्रश्नांनी चांगला ओटी रागावत नाही.

अमेरिकेतल्या बालरोगतज्ज्ञांच्या संघटनेनं 2012 सालीच सांगितलं होतं की सेन्सरी उपचारांवरचं संशोधन अजून अपुरं आहे आणि पालकांना ते स्पष्ट सांगावं. मीही सांगते. ही साधनं मुलाचा त्रास कमी करतात, दिवस सुसह्य करतात. ऑटिझम 'घालवत' नाहीत. घालवण्याची भाषा करणाऱ्या प्रत्येकापासून लांब राहा, मग ते साधन असो, गोळी असो की स्टेम सेलचं इंजेक्शन.

पैशांची अडचण असेल तर राष्ट्रीय न्यासाच्या 'निरामय' योजनेची चौकशी करा. वर्षाला एक लाख रुपयांपर्यंतचं विमाछत्र असतं आणि त्यात थेरपीच्या खर्चाचीही तरतूद आहे. 2016 च्या दिव्यांग हक्क कायद्यात ऑटिझमचं नाव स्वतंत्रपणे आहे, आणि शाळेनं मुलाला वाजवी सोय करून द्यावी हेही त्यात आहे. वर्गात इअरमफ लावणं, हातात मऊ चेंडू ठेवणं ही अशीच सोय. शाळेत भांडायला नको, पण कायद्याची प्रत घेऊन शांतपणे बसा.

राहिले तुम्ही, ज्यांच्या घरी असं मूल नाही. खरं तर हा लेख तुमच्यासाठीही आहे, कारण घरात नीट चाललेलं साधन जिन्यात, डब्यात, वर्गात, देवळाच्या रांगेत मोडून पडतं, ते आपल्या बोलण्यानं. लोकलमध्ये इअरमफ लावलेला मुलगा दिसला तर "ऐकू येत नाही का रे याला?" विचारू नका. बाकावर पुढे-मागे डोलणाऱ्या मुलीला धरून थांबवू नका; डोलणं हेच तिचं साधन आहे. आज्यांनो, पापा घ्यायच्या आधी नातवाला विचारा. हलका हात अनेक मुलांना झोंबतो. घट्ट मिठी चालते, पण तीही त्यानं मागितली तरच. भर रस्त्यात मूल आडवं पडलं तर गोलाकार जमू नका, सल्ला देऊ नका, मोबाइल काढू नका. आईला फक्त विचारा, "पिशवी धरू का?"

आणि मंडळांच्या कार्यकर्त्यांना एक मागणं आहे. गिरगावच्या केशवजी नाईक चाळीत 1893 पासून गणपती बसतो आणि तिथला उत्सव साधेपणासाठीच नावाजला जातो. तेव्हा भक्तीला डेसिबल लागत नाहीत हे मुंबईला नव्यानं शिकवायला नको. तुमचा ढोल बंद करा असं मी म्हणत नाही. दोनच गोष्टी करा. पथक कधी येणार, फटाके कधी, महाआरती कधी, हे वेळापत्रक आदल्या दिवशी चाळीच्या आणि इमारतींच्या ग्रुपवर टाका, म्हणजे ज्या घराला मुलाला घेऊन मावशीकडे जायचं आहे ते वेळेत निघेल. आणि दहा दिवसांत निदान एका सकाळी, तासभर, स्पीकर बंद, लुकलुकणारे दिवे बंद, धूप बंद, रांग नाही, अशा दर्शनाची वेळ ठेवा आणि ती मंडपाबाहेरच्या फलकावर लिहा. त्या तासाला ऑटिझम असलेली मुलं येतील, म्हातारी माणसं येतील, तान्ह्या बाळांच्या आया येतील. मंडळाची पुढची बैठक याच आठवड्यात असेल, तर हा विषय त्याच बैठकीत घ्या.